भरतीची चाळणी : छातीच्या फितीपासून एआयपर्यंत

या मालिकेत आपण लढाया पाहिल्या, किल्ले पाहिले, सेनापती पाहिले. आज ज्याच्याबद्दल बोलायचं आहे त्याचा पुतळा कुठल्याही चौकात नाही. तो म्हणजे भरती करणारा माणूस. रांगेतला कोण आत येणार आणि कोण संध्याकाळच्या गाडीने गावी परतणार, हे ठरवणारा. कारखान्यात त्याला पर्सोनेल मॅनेजर म्हणत, मग एचआर म्हणू लागले, आता रिक्रूटर म्हणतात. त्याच्या कामाचा मोठा हिस्सा सध्या यंत्राकडे चालला आहे. अर्ज यंत्र वाचतं, त्यांचा क्रम यंत्र लावतं, नकाराचं पत्रही यंत्रच पाठवतं. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळूर, जिथे जातो तिथे मराठी घरातली मुलं विचारतात, "काका, शंभर ठिकाणी अर्ज टाकले, एकही अर्ज माणसाने वाचला असेल का?"

यात नवीन काय आणि जुनं काय, हे पाहायला थोडं मागे जावं लागतं. फौजेत असताना काही वर्षं मी निवड मंडळावर जीटीओ होतो, म्हणजे उमेदवारांना मैदानावर जोखणारा अधिकारी. निवृत्तीनंतर गणवेश उतरवणाऱ्या जवानांना नोकरी शोधायला मदत करतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू थोड्याफार पाहिल्या आहेत.

भरती करणाऱ्याची कामं मुळात दोन. एक गाळण्याचं, दुसरं ओळखण्याचं. हजारातले नऊशे बाजूला काढायचे हे पहिलं. उरलेल्या शंभरांत कामाचा माणूस कोण, हे दुसरं. पहिल्याला घाई असते, दुसऱ्याला वेळ लागतो. घाईचं काम कुठल्यातरी खुणेवर चालतं. उंची, छाती, जात, जिल्हा, कॉलेजचं नाव, टक्केवारी. खूण म्हणजे गुण नव्हे, हे सगळ्यांना कळतं. पण रांग लांब असली की खुणेवरच भागवलं जातं.

आपल्या देशातली सर्वांत मोठी आणि सर्वांत महाग पडलेली खूण म्हणजे 'लढाऊ जमाती'. १८५७ च्या उठावात बंगाल आर्मीतले अवध-बिहारकडचे शिपाई मोठ्या संख्येने इंग्रजांवर उलटले. पंजाबी आणि गुरखा पलटणी इंग्रजांच्या बाजूने उभ्या राहिल्या. कोण निष्ठावान राहिला, याचा तो हिशेब होता. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत त्याच हिशेबाचं शास्त्र झालं आणि निष्ठेच्या जागी 'रक्तातलं शौर्य' हा शब्द आला. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ सरसेनापती होता. त्याचं मत असं, की लांबलेल्या शांततेने दक्षिणेचा शिपाई मऊ पडला आहे. आता यातली गंमत बघा. मद्रासच्या पलटणी सरहद्दीवर कमी पाठवायच्या, मग त्यांच्याकडे लढाईचा अनुभव नाही म्हणायचं, आणि अनुभव नाही म्हणून भरती आणखी कमी करायची. चक्र स्वतःच फिरत राहतं आणि दर फेरीत स्वतःलाच खरं ठरवतं.

या शास्त्राची पुस्तकंही निघाली. भरती अधिकाऱ्यासाठी जमातवार हँडबुकं. मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावरचं हँडबुक मेजर बेथम याने लिहिलं, ते १९०८ चं. कोणत्या जिल्ह्यात जायचं, कोणती कुळी घ्यायची, कोणाचा स्वभाव कसा, सगळं टिपलेलं. भरती अधिकारी तिशीतला, भाषा अर्धवट येणारा, हातात पुस्तक. समोरचा गडी त्याने आधी पुस्तकात शोधायचा आणि मग डोळ्यांनी पाहायचा.

या चाळणीतून सर्वांत वाईट रीतीने कोण गळलं, तर महार. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलेल्या मुंबई पायदळाच्या तुकडीत ते होते, आणि तिथल्या स्तंभावर पडलेल्यांची जी नावं कोरली आहेत त्यांत २२ महारांची आहेत. म्हणजे पुरावा कंपनी सरकारनेच दगडात कोरून ठेवलेला. तरीही १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची भरती बंद झाली. लेकाला पलटणीत घालायचं, पलटणीच्या शाळेत शिकवायचं, ही त्या घरांची वर चढायची एकमेव शिडी होती. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ याच शिडीने सुभेदार झाले होते. शिडी काढून घेतली गेली आणि कारण काय, तर नव्या वर्गवारीत तुम्ही बसत नाही.

पण त्या माणसांना एक गोष्ट माहीत होती: नाही कोण म्हणालं. दापोलीला राहणारे निवृत्त हवालदार गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सरसेनापतीच्या नावे अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे मागणी नेली. वर्षं गेली, पण अर्जाला पत्ता होता. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली. पुन्हा महायुद्ध आलं आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्या वेळी डॉ. आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर होते. १९८७ मध्ये श्रीलंकेत धारातीर्थी पडलेल्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं, ते याच रेजिमेंटचे, आणि ते मूळ दक्षिणेतल्या घराण्यातले. हँडबुकाच्या हिशेबाने रेजिमेंटही चुकीची आणि माणूसही चुकीचा.

तिकडे अमेरिकेत १९१७ साली वेगळा मार्ग निघाला. जात नको, परीक्षा घेऊ. रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने साक्षरांसाठी 'अल्फा' आणि निरक्षरांसाठी 'बीटा' चाचणी तयार झाली. सुमारे १७ लाख लोकांना ती दिली गेली. बीटामध्ये चित्रात काय कमी आहे ते ओळखायचं असे. एका चित्रात टेनिस कोर्टावर जाळी नव्हती. जन्मात टेनिस न पाहिलेला इटलीचा शेतमजूर जाळी कुठून काढणार? त्याचा गुण कमी आला आणि पुढे त्या गुणांवरून कोणत्या देशाचे लोक बुद्धीने कमी, यावर ग्रंथ लिहिले गेले. खूण बदलली होती, आता ती आकड्यात होती, आणि आकड्याशी भांडणं जातीच्या कोष्टकाशी भांडण्याहून अवघड असतं.

ओळखण्याचं काम खऱ्या अर्थाने कुणी मनावर घेतलं असेल तर ते दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश फौजेने. त्यांच्याकडे अधिकारी निवडायची पद्धत म्हणजे शाळा कुठली, घराणं कुठलं, वीस मिनिटांची मुलाखत. असे निवडलेले बरेच प्रशिक्षणातूनच परत येऊ लागले. मग १९४२ मध्ये नवी निवड मंडळं आली. विल्फ्रेड बायन हा मनोविकारतज्ज्ञ त्यात होता. त्याची कल्पना साधी: आठ जणांना एक काम द्या, नेता नेमू नका आणि गप्प बसून बघा. जर्मन फौजेच्या मानसशास्त्रज्ञांनी आधी केलेल्या प्रयोगांचाही त्यात वाटा होता. १९४३ मध्ये हीच पद्धत डेहराडूनला आली आणि तिच्यातून आपलं एसएसबी घडलं.

माझ्या काळातलं एसएसबी पाच दिवसांचं होतं. साठ शब्द दाखवायचे, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. चित्रांवरून गोष्टी लिहायच्या, त्यात शेवटचा कागद कोरा. मानसशास्त्रज्ञ ते वाचतो. मुलाखत घेणारा वेगळा. मैदानावर जीटीओ वेगळा. फळी, बल्ली, दोर आणि एक ओझं दिलं, की आठ मुलांनी आखलेल्या पट्ट्याला पाय न लावता पलीकडे जायचं. मनसा, वाचा, कर्मणा अशी तिघांची वाटणी. तिघांनी शेवटच्या दिवसापर्यंत एकमेकांशी उमेदवाराबद्दल चकार शब्द बोलायचा नाही, हा नियम. एकाचा ग्रह दुसऱ्याला लागू नये म्हणून. शेवटी एका टेबलाभोवती बसून आपापलं मत कारणांसह मांडायचं. त्या टेबलावर मी वाद घातलेत, हरलोही आहे. नुसतं 'मला आवडला' म्हणून चालत नसे. कोणत्या दिवशी, कोणत्या अडथळ्याजवळ काय केलं, ते सांगावं लागे.

ही पद्धत निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. क्लासवाल्यांनी तिची कुंजी केव्हाच काढली. तीन मिनिटांच्या भाषणात वेगवेगळ्या राज्यांतली पाच मुलं एकच वाक्य, एकाच ठिकाणी दम घेऊन म्हणायची. पण भाषण पाठ करता येतं, बल्ली पाठ करता येत नाही. ती निसटली की मुलगा कसा वागतो ते दिसतंच. मात्र एवढा वेळ द्यायला आधी रांग छोटी करावी लागते. म्हणून पहिल्या दिवशी स्क्रीनिंग आहे, आणि त्यातून निम्म्याहून जास्त मुलं परत जातात. जवानांच्या भरतीत २०२३ पासून क्रमच उलटा केला: आधी संगणकावर लेखी परीक्षा, मग मैदान. मेळाव्यांची गर्दी आवरायची तर दुसरा उपाय नव्हता. रांगेपुढे फौजेलाही नमावं लागतं.

नागरी नोकरीकडे येऊ. फार थोड्यांना माहीत असतं, की आपल्याकडचं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज हे फौजेचं अपत्य आहे. १९४५ मध्ये युद्ध संपत आलं, लाखो शिपाई घरी परतणार होते. त्यांना कामाला लावायला ही कचेरी उघडली, आणि १९४८ पासून ती सगळ्यांसाठी खुली झाली. १९५९ च्या कायद्याने मालकांना रिकाम्या जागा कळवणं भाग पाडलं. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी ते कार्ड जपून ठेवलं, नूतनीकरण केलं आणि बोलावणं कधीच आलं नाही. तरी खिडकीमागे एक कारकून असायचा. खडूस असेल, पण असायचा. १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम आलं आणि घरबसल्या अर्ज सुरू झाले. अर्ज करणं जितकं सोपं झालं तितका ढीग वाढला. एका जागेला हजार अर्ज आणि वाचायला एक पोरगी, तिच्यापुढे दिवसाला अशा दहा जागा. एका अर्जाला काही सेकंद मिळणार. यंत्र आलं ते या खिंडारातून. रिक्रूटर आळशी होता म्हणून आलं नाही.

यंत्र गाळणी करतं तेव्हा काय होतं, याचा दाखला एआय हा शब्द घरोघरी पोचायच्या फार आधीचा आहे. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये वर्षाला सुमारे अडीच हजार अर्ज येत आणि त्यांतले तीन चतुर्थांश मुलाखतीआधीच बाद होत. तिथल्या एका प्राध्यापकाने १९७९ पासून संगणकाचा प्रोग्राम लिहिला. हेतू चांगला होता: तपासणाऱ्या माणसांमधला फरक जावा, सगळ्यांना एकच माप लागावं. माणसांनी आधी केलेल्या निवडीशी प्रोग्रामचा निकाल ९० ते ९५ टक्के जुळला, आणि तेच त्याच्या यशाचं प्रमाणपत्र मानलं गेलं. १९८२ पासून सगळे अर्ज यंत्राने चाळले. पुढे तिथल्याच दोन डॉक्टरांनी तक्रार केली, चौकशी झाली आणि १९८८ मध्ये वंशसमानता आयोगाचा निर्णय आला. नाव युरोपीय नसेल तर यंत्र गुण कापत होतं. बाईचं असेल तरी कापत होतं. वर्षाला साठेक उमेदवारांची मुलाखत केवळ त्यामुळे हुकली असावी, असा अंदाज निघाला.

यंत्राने हा दुजाभाव स्वतः शोधला नव्हता. माणसांच्या जुन्या निवडीशी ते जुळत होतं, याचा अर्थ माणसंही तेच करत होती. फक्त माणसांच्या डोक्यातलं उघडून बघता येत नव्हतं आणि यंत्राचं उघडून बघता आलं. मला वाटतं, यंत्राच्या बाजूने बोलायचं तर हे सर्वांत वजनदार वाक्य आहे. त्याचा पूर्वग्रह मोजता येतो, पण कुणीतरी ते उघडू दिलं तर.

अ‍ॅमेझॉनची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. २०१४ पासून त्यांच्या अभियंत्यांनी अर्जांना एक ते पाच तारे देणारी प्रणाली तयार करायला घेतली. तिला दहा वर्षांचे जुने अर्ज शिकवले, आणि ते बहुतेक पुरुषांचे होते. त्यावरून प्रणाली शिकली, की पुरुष बरे. 'महिला बुद्धिबळ क्लबची कर्णधार' अशा ओळीतला 'महिला' शब्द दिसला, की गुण कमी. शब्द गाळून पाहिला, तरी दुसऱ्या वाटेने तीच निवड येणार नाही याची खात्री देता येईना. शेवटी प्रकल्प गुंडाळला आणि २०१८ मध्ये रॉयटर्सने ते बाहेर आणलं. निवडीसाठी ती कधी वापरली नाही, असं कंपनीने सांगितलं. मला ते वाचताना रॉबर्ट्सचं चक्र आठवलं. काल ज्यांना घेतलं, त्यांच्यासारखे आज घ्या.

आजच्या रिक्रूटरचा दिवस कसा जातो, ते या क्षेत्रातले तरुण मित्र सांगतात. जागेची जाहिरात एआयने लिहून घ्यायची. आलेले अर्ज प्रणाली फोडून कोष्टकात भरते आणि जुळणीचा आकडा देते. वेळ ठरवायला चॅटबॉट. काही ठिकाणी पहिली मुलाखतही कॅमेऱ्यासमोर, पलीकडे कुणी नाही. हायरव्ह्यू ही अमेरिकी कंपनी तर चेहऱ्यावरच्या हालचालींवरूनही उमेदवार तोलत असे. टीका झाल्यावर २०२१ मध्ये त्यांनी तो भाग थांबवल्याचं जाहीर केलं. छातीची फीत परवडली म्हणायची. निदान ती छातीच मोजत होती.

दुसरीकडे उमेदवारही तेच हत्यार वापरतात. जाहिरात एआयला द्यायची आणि तिच्याशी जुळणारा अर्ज काढून घ्यायचा. एकाच संध्याकाळी पन्नास ठिकाणी. म्हणजे यंत्राने लिहिलेली जाहिरात, यंत्राने लिहिलेला अर्ज, यंत्रानेच केलेली तपासणी. सगळे अर्ज सारखेच चकचकीत झाले, की चाळणीला काही अर्थ उरत नाही आणि रिक्रूटरला पुन्हा माणूस समोर बसवावा लागतो. काही कंपन्या प्रत्यक्ष मुलाखतीकडे परत वळल्या आहेत, त्याचं कारण हेच. गाळण्याचं काम गेलं तर जाऊ दे. ओळखण्याचं काम ज्याला येतं, त्या रिक्रूटरची किंमत वाढणार आहे. अडचण अशी, की गाळता गाळताच तो ओळखायला शिकायचा. नवशिक्याने हजार अर्ज वाचलेच नाहीत, तर वेगळा माणूस त्याच्या नजरेत कसा भरणार?

या चाळणीत आमचे जवान कसे गळतात ते सांगतो. मागे एक हवालदार माझ्याकडे आला. सोळा वर्षांची सेवा, त्यातली सहा वर्षं कंपनीचा क्वार्टरमास्टर हवालदार. शंभरावर माणसांचे कपडे, शस्त्रं, तंबू, शिधा, सगळ्याचा हिशेब त्याच्याकडे. ऑडिटमध्ये एक बूटसुद्धा कमी नाही. एका मोठ्या गोदाम कंपनीत स्टोअरच्या जागेसाठी अर्ज केला होता. काही मिनिटांत नकार. आम्ही अर्ज पुन्हा लिहिला. 'सीक्यूएमएच' काढलं, 'इन्व्हेंटरी', 'स्टॉक ऑडिट', 'डिस्पॅच' हे शब्द घातले. माणूस तोच, काम तेच. दुसऱ्यांदा दुसऱ्या कंपनीतून फोन आला. पहिल्या ठिकाणी विचारायचं म्हणून पत्ता शोधला. नकाराच्या मेलखाली लिहिलं होतं, या मेलला उत्तर देऊ नये.

वलंगकरांच्या अर्जाला पत्ता होता, हे मी मुद्दाम सांगितलं ते याचसाठी. अमेरिकेत चाळिशी ओलांडलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाने शंभराहून जास्त नोकऱ्यांतून नकार आल्यावर वर्कडे या सॉफ्टवेअर कंपनीवर २०२३ मध्ये दावा लावला. एक नकार रात्री दीडनंतर, अर्ज केल्यापासून तासाभरात आला होता. त्या वेळी कुठला अधिकारी फाइल वाचत बसेल? मालकांवर नव्हे, चाळणी बनवणाऱ्यावर दावा लावता येतो का, हा प्रश्न होता. २०२४ मध्ये न्यायालयाने दावा पुढे चालू दिला. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून नियम लागू आहे: असं साधन वापरायचं तर वर्षातून एकदा बाहेरच्या तपासनिसाकडून ते तपासून घ्या, निष्कर्ष जाहीर करा आणि उमेदवाराला आधी सांगा. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने नोकरभरतीतल्या एआयला जास्त जोखमीच्या वर्गात टाकलं आहे. आपल्याकडे वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण भरतीच्या यंत्राने नकार का दिला, हे विचारायची सोय करणारा खास नियम नाही.

आणि आपल्याला घाई आहे. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा पहिल्या वर्षासाठी सुमारे ४६ हजार जागा जाहीर झाल्या. चार वर्षांनी त्यांतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतील. बाकीची मुलं विशी-पंचविशीत बाहेर येतील, आणि त्यानंतर दरवर्षी नवी तुकडी. निमलष्करी दलांत, पोलिसांत राखीव जागा आहेत, त्या सगळ्यांना पुरणार नाहीत. उरलेली मुलं पोर्टलवर अर्ज टाकतील. सियाचीनच्या चौकीवर जनरेटर बंद पडू दिला नाही, हे तिथे कोणत्या रकान्यात भरायचं?

मी माझ्यापुरतं दोन ठिकाणी काम करतो. जवानांसोबत बसून पलटणीची भाषा गोदामाच्या आणि कारखान्याच्या भाषेत उतरवतो. त्यासाठी एआयचीच मदत घेतो, ते हे काम झकास करतं. आणि ओळखीच्या एचआरवाल्यांना एक सांगतो, की यंत्राने बाद केलेल्या अर्जांतले दर आठवड्याला वीस, डोळे मिटून उचला आणि स्वतः वाचा. तिघांनी हे सुरू केलं आहे. एकीने मागच्या महिन्यात त्यातल्याच एका माजी नायकाला मुलाखतीला बोलावलं. तो सध्या पुण्याजवळच्या कारखान्यात रात्रपाळीचा सुपरवायझर आहे. बाकी दोघांच्या विसांत अजून कुणी सापडलेलं नाही, ते वाचताहेत.